एकाच मशीनला कंडक्टिव्हिटी १४.८–१४.९ येतेय, कॅलिब्रेशन खाली करू का?

पलासिया_टेक
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आमचं सहा मशीनचं छोटं डायलिसिस युनिट आहे, मी टेक्निशियन. सहा नंबरच्या मशीनला या आठवड्यात कंडक्टिव्हिटी (डायलिसेटमध्ये, म्हणजे मशीन पेशंटसाठी बनवतं त्या द्रावणात, क्षार किती ते दाखवणारा आकडा, मिलिसीमेन्समध्ये) हाय येतेय, सेटिंग १४.० आहे आणि स्क्रीनवर सकाळी १४.८, कधी १४.९, मग अलार्म, मशीन बायपासला जातं (द्रावण पेशंटकडे न जाता बाहेर वळतं), अलार्म दाबला की परत थोड्या वेळाने तेच. गंमत म्हणजे दुपारकडे आपोआप १४.४ च्या आसपास येतं आणि सगळे म्हणतात बघ झालं नीट. बाकी पाच मशीन एकदम ठीक, १३.९ ते १४.१. पार्ट ए चा (ॲसिड कॉन्सन्ट्रेटचा) कॅन बदलून बघितला, फरक नाही. कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला तर तो म्हणाला सेन्सर ड्रिफ्ट झाला असेल, सर्व्हिस मोडमध्ये जाऊन कॅलिब्रेशन व्हॅल्यू खाली घे, मी पुढच्या आठवड्यात चक्कर मारतो. पासवर्ड पण फोनवरच सांगून टाकला. मला हे पटत नाहीये पण इकडे पेशंटची लाइन लागलेली असते आणि मॅनेजर रोज विचारतात सहा नंबर कधी चालू होणार. सध्या मशीन बाजूला ठेवलंय, पेशंट दुसऱ्या मशीनवर ॲडजस्ट करतोय, त्यामुळे तिसरी शिफ्ट रात्री उशिरापर्यंत जाते. काय करू?

बायोमेड_काका
मशीन बाजूला ठेवलंस हे बरोबर केलंस, तसंच राहू दे. आणि त्या पासवर्डला हात लावू नकोस अजून.

बघ, आमटी खारट लागली तर दोन शक्यता, मीठ जास्त पडलंय किंवा जीभ बिघडलीय. स्क्रीनवरचा आकडा ही मशीनची जीभ. तो इंजिनिअर न चाखता सांगतोय की जीभच खराब आहे. तुला आधी दुसऱ्या जिभेने चाखायचंय, म्हणजे स्वतंत्र हँड मीटर. डायलायझरला (रक्त गाळणाऱ्या फिल्टरला) जाणाऱ्या लाइनमधून, नळीच्या जोडापाशी (हॅन्सन कनेक्टर), सॅम्पल घे. मशीन निदान दहा-पंधरा मिनिटं स्थिर चालल्यावर घे, पहिलं पाणी फेकून दे, मीटरचा कप त्याच डायलिसेटने दोन-तीनदा विसळ आणि मग वाच. वाचताना त्याच क्षणी स्क्रीनवर काय होतं तेही लिही. आणि हे महत्त्वाचं, शेजारच्या पाच नंबरचं पण सॅम्पल घे म्हणजे मीटर खरं बोलतोय का ते कळेल.

सियागंजमधून आणलेला पाण्याचा टीडीएस पेन चालणार नाही हे आधीच सांगतो, कारण लोक तेच करतात. तो आरओचं पाणी बघायला ठीक, तिथे आकडे मायक्रोसीमेन्समध्ये असतात. इथे १४ मिलिसीमेन्स म्हणजे १४,००० मायक्रोसीमेन्स. या रेंजला कॅलिब्रेट केलेला आणि टेम्परेचर कॉम्पेन्सेशन असलेलाच मीटर हवा.

आता मीटर १४.० म्हणाला आणि स्क्रीन १४.८, तर सेन्सरची गडबड. त्यातही सेल (कंडक्टिव्हिटी मोजणारा भाग) आधी खराब ठरवू नकोस, आधी टेम्परेचर बघ. कंडक्टिव्हिटी दर डिग्रीला साधारण २ टक्के वाढते, म्हणून मशीन डायलिसेटचं तापमान मोजून आकडा दुरुस्त करून दाखवतं. तो तापमानाचा सेन्सर एक डिग्री कमी वाचत असेल तर मशीनला वाटतं पाणी थंड आहे आणि ते आकडा वर ढकलतं. १४ चे २ टक्के म्हणजे ०.२८, दोन डिग्री चुकलं की अर्ध्या पॉइंटच्या वर फरक. मग तू कंडक्टिव्हिटी कॅलिब्रेट करत बसशील आणि खरी बिघाडी टेम्परेचरची, म्हणजे पेशंटला ३७ च्या ऐवजी ३९ डिग्रीचं डायलिसेट जातंय हे राहूनच जाईल.

आणि मीटर पण १४.८ म्हणाला तर डायलिसेट खरंच खारट आहे. तेव्हा कॅलिब्रेशन खाली घेणं म्हणजे खारट पाणी तसंच पाठवायचं आणि स्क्रीनवर १४.० लिहून घ्यायचं. अलार्म सुद्धा वाजणार नाही. आता सांग, मशीन कुठल्या पद्धतीचं आहे? काही मशीन ठरलेल्या प्रमाणात पंप मारतात आणि कंडक्टिव्हिटी फक्त तपासतात (फ्रेझेनियसचं ४००८ तसं आहे), आणि काही, उदाहरणार्थ बी ब्राऊनचं डायलॉग, कंडक्टिव्हिटी बघून पंप कमीजास्त करतात. दुसऱ्या प्रकारात तर सेन्सर चुकला की स्क्रीनवर छान १४.० आणि आत भलतंच.

वडोदरा_सिस्टर
काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त आमच्या युनिटच्या अनुभवाचं लिहिते. इथे वडोदऱ्यात आमच्याकडे हाय कंडक्टिव्हिटी आली की मी सगळ्यात आधी पार्ट बी (बायकार्बचं कॉन्सन्ट्रेट) बघते कारण तो आम्हीच कालवतो. पावडरचं पाकीट आणि दहा लिटर आरओचं पाणी, पण दहा लिटरची खूण कॅनवर पुसलेली असते मग नवीन मुलं अंदाजाने भरतात. नऊ लिटरच भरलं तर बायकार्ब अकरा टक्के घट्ट आणि स्क्रीनवर पाव ते अर्धा पॉइंट वर जाऊ शकतं. उलट पण होतं, पावडर नीट विरघळलीच नाही तर वरचं पाणी पातळ आणि तळाला साका, आधी लो येतं मग कॅन संपत आला की हाय. थंडीत हे जास्त. आणि गरम पाणी घालून विरघळवायचं नाही हां, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि लाइनमध्ये क्षार बसतात.

दुसरं, कॅनवरचं लेबल वाच. ४५एक्स आहे का ३५एक्स का ३६.८३एक्स, म्हणजे किती पट पातळ करायचंय ते. मशीन ३५एक्सला सेट आणि कॅन ४५एक्सचा लागला तर घट्ट कॉन्सन्ट्रेट जास्त प्रमाणात ओढलं जातं. पण त्यात आकडा ०.८ ने नाही वाढत, तो तीन-एक पॉइंटने उडतो आणि मशीन ट्रीटमेंटमध्ये जाऊच देत नाही. म्हणून तुझं ते नसावं. तुझा आकडा थोडाच वर आहे आणि एकाच मशीनला आहे, कॅन बदलून पण तेच आहे, म्हणजे मला तरी कॉन्सन्ट्रेटचा वांधा वाटत नाही. तरी एकदा पाच नंबरचे दोन्ही कॅन सहाला आणि सहाचे पाचला लावून बघ. लाल नळी ॲसिड, निळी बायकार्ब, घाईत उलटं नको करू.

पलासिया_टेक
काका, ताई, खूप आभार. मशीन ठरलेल्या प्रमाणाचंच आहे, कंडक्टिव्हिटी फक्त मॉनिटर करतं. मीटर आमच्याकडे होता पण कपाटात, मागचं कॅलिब्रेशन कधीचं माहीत नाही, म्हणून स्टँडर्ड सोल्युशनने तपासून घेतला.

सहा नंबर: स्क्रीन १४.८, मीटर १४.७.
पाच नंबर: स्क्रीन १४.०, मीटर १३.९.

टेम्परेचर पण वेगळ्या थर्मामीटरने बघितलं, ठीक आहे. कॅनची अदलाबदल केली, पाच नंबर १४.० च राहिलं आणि सहा १४.८ च. म्हणजे खरंच खारट आहे असं समजू ना?

सुदामानगरचा_मुलगा
मध्येच विचारतो, माफ करा, मी टेक्निशियन नाही. माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे आठवड्यातून दोनदा (आमचं हॉस्पिटल वेगळं आहे). तिच्या मशीनवर मी नेहमी १४.२ वगैरे बघतो. घरी आली की रात्रभर पाणी मागते, डॉक्टरांनी तर लिमिट घातलंय. हे त्यामुळे असू शकतं का? ०.८ ने खरंच एवढा फरक पडतो?

वडोदरा_सिस्टर
अरे विचार की, माफी कसली. ढोबळ हिशेब असा की एक मिलिसीमेन्स म्हणजे साधारण दहा सोडियम. १४.० ला १४० च्या आसपास, तर १४.८ ला १४८ च्या जवळपास. चार तास एवढ्या सोडियमचं पाणी समोर असलं की रक्तातलं सोडियम पण वर ओढलं जातं, मग तहान, डोकेदुखी, बीपी वर, आणि पाणी प्यायलं की दोन डायलिसिसच्या मधलं वजन वाढतं. फारच वर गेलं तर प्रकरण गंभीर होतं, आणि खूप खाली गेलं तर लाल पेशी फुटतात, म्हणून तर मशीन दोन्हीकडे अलार्म देतं.

पण १४.२ बघून घाबरू नकोस. कुणाला किती सोडियम ठेवायचं ते डॉक्टर ठरवतात, ज्यांचं बीपी डायलिसिसमध्ये पडतं त्यांना मुद्दाम थोडं वर ठेवलेलं असू शकतं. तहानेला बाकी शंभर कारणं असतात, जेवणातलं मीठ, लोणचं-पापड, शुगर. इंदूरची माणसं शेव कशावर टाकत नाहीत ते सांग! आईंच्या नेफ्रोलॉजिस्टना तहानेचं सांग आणि डायलिसेट सोडियम किती ठेवलंय ते विचार, हक्काने विचार. मशीनला स्वतः हात लावू नको बस.

स्क्रू_ड्रायव्हर
मी सर्व्हिसमध्येच आहे, म्हणून इंजिनिअरच्या बाजूने थोडं बोलतो. सेन्सर ड्रिफ्ट ही काही थाप नाही. एक प्रकार मी खूप वेळा बघितलाय. बायकार्बमुळे सेलच्या इलेक्ट्रोडवर कॅल्शियमचा थर बसतो, थर बसला की आकडा हळूहळू खाली येतो, कुणीतरी येऊन डीकॅल्सिफिकेशन न करता तसाच घाणेरडा सेल कॅलिब्रेट करून वर आणतो. पुढे एखाद्या दिवशी नीट सायट्रिक ॲसिडने डिसइन्फेक्शन होतं, थर निघतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन १४.६ दाखवायला लागतं. तेव्हा कॅलिब्रेशन खाली घेणंच बरोबर असतं. फक्त क्रम पाळायचा, आधी सेल साफ, मग टेम्परेचर, मग मीटरने पडताळा, आणि शेवटी कॅलिब्रेशन. आणि ते फोनवर सांगायचं काम नाही, त्यात मी पण काकांच्याच पार्टीत.

पण तुझ्या केसमध्ये मीटर पण १४.७ म्हणतोय, म्हणजे सेल सुटला. आता मला तुझी ती दुपारची गोष्ट खटकतेय. सेन्सर बिघडला असता तर सकाळ-दुपार बघून बिघडला नसता. कॉन्सन्ट्रेटचा पंप जास्त स्ट्रोक मारत असता तर तोही दिवसभर मारला असता. सकाळी जास्त आणि दुपारी कमी असं काय असतं युनिटमध्ये? पाणी. सकाळी सगळी मशीन एकदम रिन्सला (पाण्याने धुवायला) लागतात. सहा नंबर लूपच्या (सगळ्या मशीनना आरओचं पाणी नेणाऱ्या पाइपच्या) शेवटी आहे का?

बायोमेड_काका
हाच प्रश्न मी टाइप करत होतो. मशीन येणाऱ्या पाण्यात कॉन्सन्ट्रेटची ठरलेली मात्रा टाकतं, पाणी कमी पडलं आणि मात्रा तीच राहिली की मिश्रण घट्ट. काही मॉडेलमध्ये आधी वॉटरचा अलार्म येतो, काहींमध्ये काठावर असेल तर वॉटरचा अलार्म न येता नुसती कंडक्टिव्हिटी चढते. दुपारी रिकाम्या वेळी फक्त सहा नंबर चालव आणि आकडा बघ, मग बाकीची सगळी रिन्सला टाक आणि परत बघ. प्रेशर गेज असेल तर सहाच्या पॉइंटवर लाव. आणि मशीनच्या मागे पाण्याच्या नळीच्या तोंडाशी छोटी इनलेट जाळी असते, ती उघड. अलीकडे प्लंबिंगचं काही काम झालं का?

पलासिया_टेक
हाव काका!! दिवाळीच्या आधी लूप वाढवला, भिंतीपलीकडे दोन नवीन पॉइंट काढलेत, पुढे मशीन वाढणार म्हणून. सहा नंबर त्या बाजूला शेवटचंच आहे. हे सांगायचं सुचलंच नाही कारण काम होऊन बरेच दिवस झाले आणि मधे सगळं नीट चालत होतं. दुपारी करून कळवतो.

पलासिया_टेक
अपडेट. एकटं सहा नंबर चालवलं तर १४.३. बाकीची पाच रिन्सला टाकली आणि बघता बघता १४.६, १४.८, अलार्म. हे सगळं पेशंट नसताना, नुसतं लाइनवर. मग पाणी बंद करून इनलेट जाळी काढली. आत टेफ्लॉन टेपचे तुकडे, पीव्हीसी पाइप कापल्याचा पांढरा भुगा आणि त्यावर चिकट बुळबुळीत काहीतरी, जाळी जवळजवळ पूर्ण झाकली होती. फोटो काढून मॅनेजरना पाठवलाय, प्लंबरला पण. जाळी धुऊन लावली, रिन्स करून परत चालवलं. १४.०, सगळी मशीन रिन्सला असताना सुद्धा १४.१ च्या वर जात नाही. मीटरवर १३.९, म्हणजे पाच नंबरसारखंच. पीएच पण पट्टीने बघितला, ७.२ च्या आसपास.

इंजिनिअरला फोटो पाठवला तर त्याने अंगठा पाठवला. बस.

स्क्रू_ड्रायव्हर
😄 अंगठा! बघ पण, सकाळी १४.८ असताना तू व्हॅल्यू खाली घेतली असतीस तर दुपारी तेच मशीन १३.५–१३.६ दाखवून लो कंडक्टिव्हिटीचा अलार्म देत बसलं असतं, आणि मग कुणीतरी परत वर घेतली असती.

पीएच बघितलास ते मस्त केलंस. ॲसिड आणि बायकार्ब दोन्ही चुकून एकमेकांना झाकतात असं होऊ शकतं, कंडक्टिव्हिटी अगदी बरोबर आणि पीएच भलता, म्हणून दोन्ही बघायचे. ६.९ ते ७.६ च्या आत असला म्हणजे झालं.

बायोमेड_काका
शाब्बास. पण मशीन लगेच पेशंटला लावू नकोस, मला त्या बुळबुळीत प्रकाराची जास्त काळजी वाटतेय. भुगा आणि टेफ्लॉन प्लंबरचं, पण चिकट थर म्हणजे बायोफिल्मचा (जंतूंच्या थराचा) संशय घ्यायचा. हे आरओच्या पुढचं पाणी आहे लक्षात घे, पुढे गाळायला दुसरा आरओ नाही. नवीन पाइप जोडल्यावर अख्ख्या लूपला डिसइन्फेक्शन झालं होतं का? रजिस्टर बघ. नसेल तर आता करून घ्या, आणि केमिकल वापरलंत तर प्रत्येक पॉइंटला अवशेष शून्य आल्याशिवाय मशीन जोडायचं नाही. मग लूपच्या शेवटच्या पॉइंटवरून कल्चर (जंतूंची तपासणी) आणि एंडोटॉक्सिनला (जंतूंच्या विषाला) सॅम्पल पाठवा. पाण्याला मर्यादा मिलीलिटरमागे जंतू १०० सीएफयू आणि एंडोटॉक्सिन ०.२५ ईयू, पण ५० आणि ०.१२५ लाच हालचाल सुरू करायची असते. आणि ते दोन नवीन पॉइंट मशीन येईपर्यंत बंद पडून राहणार असतील तर तिथे पाणी साचून राहतं, प्लंबरला सांग लूप फिरून परत यायला हवा, लोंबत्या फांद्या नकोत.

बाकीच्या पाचांच्या जाळ्या पण काढून बघ. त्या लूपमध्ये आधी आहेत म्हणून वाचल्या असतील, पण बघ.

इंदूरचं म्हणून एक विचारतो, तुमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं का बोअरचं? एक दिवसाआड नळ आणि मधे बोअर किंवा टँकर असा खेळ असेल तर आरओच्या आधीचा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारा) मिठाने वेळेवर रिजनरेट होतोय का तेही बघा. माळव्याच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी चांगलंच जड असतं. हार्डनेस आरओतून निसटला तर कंडक्टिव्हिटीच्या आकड्यात तो दिसणार पण नाही, पाण्याचे शंभर-दोनशे मायक्रोसीमेन्स म्हणजे इथे फक्त ०.१–०.२, पण कॅल्शियम-मॅग्नेशियम पेशंटच्या रक्तात जाणार, उलट्या, बीपी वर, हे सगळं.

पलासिया_टेक
दोन्ही आहे काका, नर्मदा आणि बोअर मिक्स, उन्हाळ्यात टँकर पण. सॉफ्टनरचं मीठ वॉचमन टाकतो, हार्डनेस टेस्ट रोज सकाळी मी करतो ती आजवर ठीक आलीय. डिसइन्फेक्शनची नोंद रजिस्टरमध्ये काम झालं त्या तारखेला सापडली नाही. मॅनेजरना लेखी दिलंय, रविवारी युनिट बंद असतं तेव्हा अख्खा लूप करणार. तोपर्यंत सहा नंबर बंदच. बाकीच्या जाळ्या काढल्या, तीन स्वच्छ, चार आणि पाच नंबरमध्ये थोडा भुगा पण थर नाही.

त्या पाचांवर शिफ्ट चालू ठेवायच्या का हे आमच्या नेफ्रोलॉजिस्टना फोन करून विचारलं, त्यांनी सॅम्पल आजच पाठवायला सांगितलं आणि कुणाला थंडी वाजली किंवा ताप आला तर लगेच कळवायला सांगितलंय.

नवीन_डीटी
मी कोर्सला आहे अजून. ते मीटर तपासायचं स्टँडर्ड सोल्युशन कुठलं घ्यायचं? आणि इंदुरात मिळतं का?

पलासिया_टेक
मी १२.८८ वालं वापरलं, पोटॅशियम क्लोराइडचं, २५ डिग्रीला १२.८८ मिलिसीमेन्स. १४ वालं पण मिळतं, ते डायलिसिससाठी जास्त जवळचं. दवा बाजारात लॅब केमिकलवाल्यांकडे विचार, लगेच नसलं तर मागवून देतात. बाटली उघडली की तारीख टाकून ठेव आणि वापरलेलं परत बाटलीत ओतू नको, आमच्याकडे आधीच्या माणसाने तेच केलं होतं म्हणून जुनी बाटली फेकून नवीन आणावी लागली.